हात धुण्यापासून बचाव

वॉर्डात नव्यानेच रुजू झालात ना? मग एक गोष्ट आधीच समजून घ्या. जंतूंना हुद्दा कळतो. वॉर्डबॉय, मावशी, शिकाऊ नर्स यांच्या हातांवर ते हमखास असतात. पण पद वाढत जातं तसतसे हात आपोआप निर्जंतुक होतात. त्यामुळे राउंडला आलेल्या मोठ्या सरांनी एकाची जखम चाचपून त्याच हाताने शेजारच्याचं पोट दाबलं, तर गप्प बसा. सॅनिटायझरची बाटली पुढे करणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा.

हा आगाऊपणा महागात पडतो. 1847 साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने सहकाऱ्यांना सांगितलं, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासू नका, आधी क्लोरिनच्या पाण्यात हात धुवा. एप्रिलमध्ये शंभरात 18च्या आसपास बाळंतिणी दगावत होत्या, उन्हाळ्यात ते प्रमाण 2च्या आसपास आलं. बायका वाचल्या हो, पण सभ्य गृहस्थांचे हात घाणेरडे म्हणायचे म्हणजे काय! दोन वर्षांत त्याची नोकरी गेली. 1865 साली तो मनोरुग्णालयात वारला, आणि तेही जखम चिघळून.

तुम्हाला एवढी जोखीम नको असेल, तर हातमोजे आहेत. सकाळी एकदा चढवले की मिटलं. लघवीची पिशवी रिकामी करा, त्याच हाताने सलाइनचा वेग बघा, खाटेचा कठडा वर घ्या, केसपेपर उलटा, फोन वाजला तर तोही उचला. मोज्यांच्या आतला हात स्वच्छ आहे ना? बास. मोजे काढल्यावरही हात धुवायचे असतात म्हणे. मग ते घातले कशाला?

सॅनिटायझर लावावंच लागलं, तर 20 ते 30 सेकंद चोळत बसू नका, तेवढ्यात दोन खाटा उरकतात. तळव्याला तळवा लावायचा आणि निघायचं. अंगठा आणि बोटांची टोकं कोरडीच राहू द्या. रुग्णाला स्पर्श त्यांचाच तर होतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांचा रुग्ण असेल, तर मात्र सॅनिटायझर अगदी मनसोक्त वापरा. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, साबण-पाण्यानेच धुऊन जातात, म्हणून बेसिनकडे फिरकू नका.

मूत्रनळी काढायची घाई नको. ती कशासाठी घातली होती हेच कुणाला आठवेनासं झालं, की ती खरी रुळली म्हणायची. पुढे तिच्यातून जंतू शिरून ताप येतोच. मग कल्चर, म्हणजे जंतू कोणता ते शोधणारी तपासणी, पाठवण्यात वेळ न घालवता कपाटातलं सगळ्यात भारी अँटिबायोटिक काढा. साध्या औषधांना न जुमानणारे जंतू असेच तयार होतात, आणि त्यांनाही राहायला जागा हवी.

राहता राहिली तपासणी. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर वही घेऊन कधी येणार, हे आधीच काढून ठेवा. त्या तासाभरात सगळे असे हात धुतात, की कातडं सोलवटावं. टक्केवारी झकास येते, फलकावर लागते, आणि सॅनिटायझरच्या बाटल्या पुढच्या तपासणीपर्यंत काठोकाठ भरलेल्या राहतात. तेवढीच बचत.