वरचा बाण दाबला की 'एच' का उमटायचा

सर, जुन्या डॉस पीसीसाठी ओळ एडिट करायची रीडलाइन लायब्ररी कशी बांधली, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, म्हणून आधी तिचा गाभा इथे मांडतो. तुमचं म्हणणं असं: डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) कधीच संपलं, त्या पीसीवर लिनक्स टाका नाहीतर डॉसबॉक्स (नव्या संगणकावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा. क्रॉस कंपायलर (एका सिस्टिमवर बसून दुसरीसाठी प्रोग्राम बनवणारं साधन) लावून नुसती मेक ही बांधणीची कमांड मारली, त्याला पोर्ट, म्हणजे प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर नेऊन चालवणं, म्हणत नाहीत. एक ओळ एडिट करता यावी म्हणून जीएनयू रीडलाइनसारखी अख्खी लायब्ररी ओढणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं; टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या कंपायलरमध्ये गेटसीएचचं (एक की वाचणारं फंक्शन) लूप लिहून दोनशे ओळींत काम झालं असतं. आणि शेवटचा टोला, जीपीएलचं (प्रोग्राम दिला की सोर्सही द्यायला लावणारा परवाना) काय केलंत?

पोर्टबद्दलचं तुमचं बरोबर आहे. मूळ लेखात मी 'कॉन्फिगर विनातक्रार पार पडलं' असं लिहिलं होतं, तेही चूकच. काल रात्री लॉग पुन्हा उघडला. कॉन्फिगरला, म्हणजे बांधणीआधी सिस्टिम तपासणाऱ्या स्क्रिप्टला, बऱ्याच गोष्टी कळण्यासाठी छोटे प्रोग्राम बनवून चालवून बघावे लागतात. लिनक्सवर बसून डॉससाठी बनवलेला प्रोग्राम लिनक्सवर चालणार कसा? मग ते 'सिग्नलचं वागणं तपासता येत नाही, नाही असं धरतो' म्हणतं आणि पुढे जातं. मी ती ओळ वाचलीच नव्हती. शिवाय रीडलाइनच्या सोर्समध्ये डॉससाठीचे तुकडे कुणीतरी फार पूर्वीच घालून ठेवलेत. डॉसमध्ये फाइलच्या नावाची सुरुवात टिंबाने करता येत नाही, म्हणून डॉट इनपुटआरसी ही सेटिंग्जची फाइल मिळाली नाही तर ते अंडरस्कोअर इनपुटआरसी शोधतं. मी डीजेजीपीपीचा (डॉससाठी प्रोग्राम बनवणारा कंपायलर) होस्ट सांगितला, शेअर्ड लायब्ररी बंद केली (आपल्या नेहमीच्या अर्थाने ती डॉसवर नसतेच) आणि मेक मारलं. एवढ्याला पोर्ट म्हणणं जास्तच झालं. लेखाचं शीर्षक बदललं आहे.

पण लायब्ररी बांधून झाली त्या दिवशी काम संपलं नाही, सर. ते अंबडला सुरू झालं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये गिअर मोजायचं एक जुनं मशीन आहे. त्याचा पीसी 486 प्रोसेसरचा, मेमरी 8 एमबी, आत आयएसए स्लॉटमध्ये (जुन्या पीसीतली कार्डाची खाच) मशीनचं कार्ड. ते कार्ड फक्त एका डॉस ड्रायव्हरला कळतं. ड्रायव्हर मेमरीत बसून राहतो आणि इंटरप्टवर, म्हणजे प्रोग्रामने मारलेल्या हाकेवर, उत्तर देतो. त्याचा सोर्स नाही, बनवणारेही आता हे मॉडेल ओळखत नाहीत. डॉसबॉक्सला ते कार्ड दिसणार नाही, आणि लिनक्सवर गेलो तर ड्रायव्हर नव्याने लिहावा लागेल, तोही कार्डाचा कागद हातात नसताना. मालक म्हणाले, मशीन अचूक मोजतंय, नवं घ्यायचं कशाला? मला पटलं. तर डॉस ही माझी हौस नाही, ते त्या टेबलावर आधीच बसलेलं आहे.

माझा प्रोग्राम एवढंच करतो: ऑपरेटरकडून कमांड घेतो, ड्रायव्हरला विचारतो, मापं फाइलमध्ये लिहितो. कमांडमध्ये जॉब नंबर, दातांची संख्या, मॉड्यूल, टॉलरन्स असं सगळं एका ओळीत. पुढच्या जॉबला त्यातले दोन आकडे बदलतात, बाकी तेच. ऑपरेटर मामा एका बोटाने टाइप करतात. दिवसाला साठ-सत्तर वेळा तीच ओळ पहिल्यापासून टाइप करायची, हे त्यांनीच मला दाखवलं आणि म्हणाले, "वरचा बाण दाबला की मागची ओळ आली पाहिजे. घरी पोराच्या लॅपटॉपवर येते."

पहिल्या फेरीत मी घरून, गंगापूर रोडवरून, एक्झी (चालवायची फाइल) घेऊन गेलो आणि डीपीएमआय सर्व्हर न्यायचा विसरलो. डीजेजीपीपीचा प्रोग्राम 32 बिटचा असतो, प्रोटेक्टेड मोडमध्ये चालतो, आणि नुसत्या डॉसवर त्याला सीडब्ल्यूएसडीपीएमआय हा डीपीएमआय सर्व्हर शेजारी लागतो. स्क्रीनवर 'लोड एरर, नो डीपीएमआय' बघून मामा म्हणाले, चहा घ्या. चहा घेतला आणि परत आलो.

दुसऱ्या फेरीत प्रोग्राम चालला. मामांनी वरचा बाण दाबला. स्क्रीनवर 'एच' उमटला. पुन्हा दाबला, दोन 'एच'. खालचा दाबला, 'पी'. डावा दाबला, 'के'. मामांनी माझ्याकडे पाहिलं. घरी लिनक्सवर हाच कोड व्यवस्थित चालत होता ना!

सर, तुम्ही टर्बो सी शिकवलंय, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. डॉसमध्ये बाणाला स्वतःचं अक्षर नाही. गेटसीएच आधी 0 देतं, पुन्हा बोलावलं की स्कॅन कोड, म्हणजे त्या कीचा आकडा, देतं. वरच्या बाणाचा 72, खालच्याचा 80, डाव्याचा 75, उजव्याचा 77. आता आस्कीमध्ये (अक्षरांच्या आकड्यांचा तक्ता) 72 म्हणजे मोठा एच, 80 म्हणजे पी, 75 म्हणजे के, 77 म्हणजे एम. अक्षरं का उमटली ते इथे कळलं. पण मग तो आधीचा 0 गेला कुठे? मी एक संध्याकाळ यातच घालवली. रीडलाइनच्या ईमॅक्स मोडमध्ये (कीजची नेहमीची मांडणी) 0 म्हणजे कंट्रोल-ॲट, आणि त्याला काम नेमून दिलेलं आहे: कर्सर आहे तिथे खूण ठेवणं. खूण दिसत नाही, बीप होत नाही. म्हणजे मामांनी बाण दाबला की रीडलाइन इमानदारीने एक अदृश्य खूण ठेवायचं आणि मग एच टाइप करायचं. त्याच्या बाजूने काहीच चुकलेलं नव्हतं.

चूक माझी होती. की वाचायचं फंक्शन रीडलाइनमध्ये बदलता येतं, तिथे मी सरळ गेटसीएच चिकटवून मोकळा झालो होतो. आता तिथे माझं छोटं फंक्शन आहे. 0 आला की ते पुढचा कोड वाचतं आणि 72 असेल तर रीडलाइनला एस्केप, चौकटी कंस आणि ए अशी तीन अक्षरं एकेक करून देतं. ही भाषा त्याला पाठ आहे, मागची ओळ लगेच येते. होम, एंड, डिलीटसाठी त्याच तक्त्यात आणखी तीन ओळी. सगळं मिळून चाळीसेक ओळींचं फंक्शन आहे. पोर्ट म्हणायचंच असेल तर या चाळीस ओळींना म्हणा.

तुमच्या दोनशे ओळींबद्दल. तशा मीही लिहून बघितल्या होत्या, रीडलाइनच्या आधी. बाण, बॅकस्पेस, मधे अक्षर घुसवणं इथपर्यंत छान गेलं. मग ओळ स्क्रीनपेक्षा लांब झाली आणि बॅकस्पेसने वरच्या ओळीवर जाता येईना. रीडलाइनला टर्मिनलची माहिती मिळाली नाही, तर ते त्याला अडाणी टर्मिनल समजतं, 79 रकाने धरतं आणि कर्सर वर न्यायच्या फंदातच पडत नाही. लांब ओळ ते आडवी सरकवतं आणि डाव्या टोकाला 'पेक्षा लहान'चं चिन्ह दाखवतं. मामांनी विचारलं, हे काय आलं? म्हटलं, ओळ डावीकडे अजून आहे. बरं म्हणाले आणि कामाला लागले. त्यामुळे एएनएसआय डॉट सिस (एस्केप कोड समजून कर्सर हलवणारा डॉसचा ड्रायव्हर) लागत नाही. त्या पीसीवर कार्डाच्या ड्रायव्हरने मेमरीत आधीच जागा अडवली असल्याने मला ते सोयीचं पडलं. लाइननॉइज ही छोटी लायब्ररी मी बाजूला ठेवली ती याच कारणाने, ती सगळं एस्केप कोडवर लिहिते.

डॉसकी (मागच्या ओळी परत आणणारं डॉसचंच साधन) का नाही, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. 1991 च्या एमएस-डॉस 5 बरोबर आलेलं डॉसकी चांगलंच आहे, पण त्याचा बफर मुळात 512 बाइटचा, आणि तोही मेमरीत. मामांची एक ओळ एरवी चाळीस-पन्नास अक्षरांची. दहा-अकरा ओळींत बफर भरला. वाढवता येतो, मान्य. पण लाइट गेली की सगळं गेलं, आणि शेडमध्ये लाइट जाते. रीडलाइनची हिस्टरी मी दर कमांडनंतर फाइलमध्ये लिहितो. सोमवारी सकाळी पीसी चालू केला की शनिवारची शेवटची ओळ एका बाणावर. कंट्रोल-आर दाबून जुना जॉब नंबर शोधता येतो, हे मी मामांना सांगितलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या पोराने सांगितलं.

आकाराचं म्हणाल तर एक्झी फ्लॉपीवर आरामात मावते. 8 एमबीच्या पीसीला ती जड नाही. डॉसच्या मूळ 640 केबी मेमरीच्या हिशेबाने बघितलं तर जड वाटेल, पण प्रोटेक्टेड मोडमध्ये तो हिशेब लागू नाही.

जीपीएलचा टोला मात्र चुकीच्या जागी बसलाय. रीडलाइन एलजीपीएल या सौम्य परवान्याखाली नाही, पूर्ण जीपीएलखाली आहे, हे मला माहीत होतं. तिला जोडलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला की तोही जीपीएलखालीच द्यावा लागतो. सीलिस्प हे लिस्प भाषेचं सॉफ्टवेअर 1992 च्या सुमारास याच लायब्ररीपायी जीपीएलखाली आलं. मी एक्झी मालकांना दिली, म्हणून माझा आणि रीडलाइनचा सोर्स मालकांनाच दिला, पेनड्राइव्हवर, पावतीसकट. मालकांनी पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला. त्यांचा हक्क आहे तो, उघडा किंवा उघडू नका. ब्लॉगवरही टाकणार आहे, पण कॉमेंट्स मराठी आणि इंग्रजीची खिचडी झाल्यात, त्या आधी साफ करतो.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. कंट्रोल धरून डावा बाण दाबला की 115 येतो, उजव्याला 116. हे दोन माझ्या तक्त्यात नाहीत, म्हणून सध्या ते गिळून नुसती बीप देतो. शब्दागणिक उडी मारायची सोय रीडलाइनमध्ये आहे, फक्त योग्य अक्षरं पुरवायचीत. शनिवारी दुपारी अंबडला जाणार आहे, तेव्हा ते घालीन. सातपूरहून तुम्हाला जवळच आहे, सर. सवड असेल तर या, आणि ते टर्बो सीचं जुनं लूप सापडलं तर फ्लॉपी घेऊन या. त्या पीसीचा ड्राइव्ह अजून चालतो.