‘तिकडे बघा, किती शिस्त!’

मृगाचा पाऊस पडला की पुण्याकडच्या माझ्या व्हॉट्सअॅप गटांवर दोन मजकूर ठरल्यासारखे येतात. आधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश: अमुक धबधबे, तमुक धरणं, इतके गड पर्यटकांसाठी बंद. मागोमाग त्यावरचं भांडण. एक गट म्हणतो, बंदच करा, लोकांना अक्कल नाही. दुसरा म्हणतो, गड आमच्या बापजाद्यांचे, बंद करणारे तुम्ही कोण? 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून पहिल्या गटाचा आवाज चढलाय. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं. ‘तू मँचेस्टरला असतोस ना, सांग यांना, तिकडे किती शिस्त असते!’

सांगतो. पण ज्यांनी विचारलंय त्यांना ते आवडेलच असं नाही.

इथे सुट्टीच्या दिवशी चालायला जाणं ही साधी गोष्ट आहे. मँचेस्टरलगतच्या चेशर परगण्यात उन्हाळ्याच्या शेवटी गेलात तर डोक्याच्या वर गेलेल्या मक्याच्या रानातून सरळ एक वाट काढलेली दिसते. मीटरभर रुंद, दोन्ही अंगांना कणसं, मध्ये पायाखाली मोकळी माती. शेतकऱ्यानं ती हौसेनं ठेवलेली नसते. शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट नांगरली तर चौदा दिवसांत पूर्ववत करून द्यायची आणि पीक उभं राहिलं तरी किमान एक मीटर मोकळी ठेवायची, हा कायदा आहे. शेताच्या कडेला लाकडी पायठणी असते, म्हणजे माणूस ओलांडेल पण गुरं बाहेर पडणार नाहीत अशी पायरी. तिच्या खांबावर पिवळा बाण. ती पायठणी नीट ठेवायची जबाबदारी जमीनमालकाची, पण खर्चातला किमान पाव हिस्सा तो कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडून, मागू शकतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर हीच वाट हिरव्या तुटक रेषेनं छापलेली असते. नकाशा कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदवलेल्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. नोंद कौन्सिलच्या दफ्तरात, आणि वाट अडवली तर तक्रार करायची त्याच कौन्सिलकडे. कौन्सिलं कंगाल झाली आहेत, तक्रारी वर्षानुवर्षं पडून राहतात, हेही खरं. पण विचारायचं कुणाला, हे तरी माहीत असतं. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं बिनबोभाट, परवानगी न मागता गेले, तर ती सार्वजनिक मानली जाण्याचा दावा करता येतो. आपल्याकडे ज्याला वहिवाट म्हणतात तेच.

मला लोक शिस्त बघायला सांगतात, पण मला इथे आधी हा हक्क दिसतो. आणि तो कुणी ताटात वाढलेला नाही.

मँचेस्टरहून ट्रेनने तासाभरात पीक डिस्ट्रिक्टचा डोंगर लागतो. त्यातलं सर्वांत उंच पठार किंडर स्काउट, उंची 636 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्यालाही पोचत नाही. 1932 साली हे पठार डेव्हनशरच्या ड्यूकचं होतं. तिथे ग्राउस नावाचे पक्षी राखायचे, वर्षातले काही दिवस श्रीमंत पाहुण्यांनी ते मारायचे आणि उरलेलं वर्षभर राखणदारांनी माणसांना हाकलायचं, असा शिरस्ता. खाली मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर धूर खाणारे लोक, ज्यांना रविवारी फक्त हवा हवी होती. 24 एप्रिल 1932 ला काहीशे जण हेफील्डजवळच्या दगडखाणीत जमले. वीस वर्षांचा बेनी रॉथमन एका खडकावर उभा राहून बोलला आणि सगळे सरळ वर चढले. राखणदारांशी झटापट झाली. परतताना पोलिसांनी धरपकड केली. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल ठेवणं हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीसारखी कलमं लावली, आणि पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंगात धाडलं. रॉथमनला चार महिने.

त्यानंतर 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि वाटांच्या नोंदीचा कायदा झाला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2000 च्या कायद्यानं डोंगर, माळ आणि सामायिक कुरणांवर मुक्त फिरायची मुभा मिळाली. 2002 मध्ये त्या मोहिमेला सत्तर वर्षं झाली, तेव्हाच्या ड्यूकनं आजोबांच्या काळातल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे आज ज्यांच्या शिस्तीचे फोटो तुम्ही एकमेकांना पाठवता, त्यांच्या आजोबांना एकेकाळी दंगलखोर ठरवलं होतं.

ही जमीन मुळात अशी मूठभरांच्या ताब्यात गेली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं पाच हजार दोनशेहून जास्त कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमीन कुंपणात घातली. त्यात गावांची सामायिक चराऊ रानं गेली. आणि इथे जे गावच्या कुरणांचं झालं, ते आपल्या डोंगरांत 1878 च्या भारतीय वन कायद्यानं झालं. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याला धारेवर धरलंय. शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना रानातला वारा खायलाही जागा उरली नाही, असा त्यांचा संताप आहे. किंडरवर चढणारा मजूर आणि सह्याद्रीतला धनगर एकमेकांना ओळखत नसले तरी त्यांना अडवणारी वृत्ती एकच होती.

आता ‘खरे ट्रेकर आणि रीलवाले’ या लाडक्या वादाकडे. कळसूबाईवर रांगा लागतात, हरिहरच्या पायऱ्यांवर शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जुने भटके चिडतात. त्यांचं चिडणं मला कळतं. पण त्यांना वर्ड्‌सवर्थची आठवण करून द्यावीशी वाटते. लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या डोंगर-तळ्यांच्या मुलखावरच्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात या कवीनं तो प्रदेश एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता आहे, ज्याला बघायला डोळे आणि आनंद घ्यायला हृदय आहे त्या प्रत्येकाचा त्यावर हक्क आहे, असं लिहून ठेवलं. पुढे 1844 मध्ये तिथे रेल्वे यायची ठरली, तर हेच गृहस्थ वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोधात उभे! कारखान्यांच्या गावांतून गाड्या भरभरून माणसं आणून उपयोग काय, सृष्टिसौंदर्याची गोडी हळूहळू लागावी लागते, असा त्यांचा सूर. रेल्वे 1847 मध्ये तिथल्या विंडरमिअरला पोचलीच. गोडी आधी लागावी आणि मग डोंगर बघावा, हा क्रम वर्ड्‌सवर्थनाही जमवता आला नाही. फेसबुकवरच्या दुर्गप्रेमींना कसा जमणार?

इथलं सगळं गोजिरवाणं आहे असंही समजू नका. 2000 च्या कायद्यानं खुली झालेली जमीन इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के आहे. स्कॉटलंडनं 2003 मध्ये जवळपास सगळीकडे जबाबदारीनं फिरायचा हक्क दिला, इंग्लंडनं नाही. डार्टमूर हे इंग्लंडमधलं तंबू ठोकून रात्र काढायचा हक्क असलेलं जवळपास एकमेव माळरान. तिथल्या एका जमीनमालक जोडप्यानं त्यालाच आव्हान दिलं. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयानं हक्क नाही म्हटलं, जुलैमध्ये अपील न्यायालयानं आहे म्हटलं, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आहे यावर शिक्कामोर्तब केलं. तंबूत झोपणं हे ‘मोकळ्या हवेतलं मनोरंजन’ होतं की नाही, यावर एवढे विद्वान न्यायमूर्ती खल करत बसले होते.

यातलं आपल्याकडे काय नेता येईल? कुठंही फिरायचा हक्क नेता येणार नाही, आणि नेऊही नये. इथे भांडण हजारो एकरांच्या मालकाशी आहे. आपल्याकडे बांधापलीकडे दोन एकरवाला असतो, त्याच्या भुईमुगातून शंभर बूट गेले तर त्याचं वर्ष जातं. पण वाटेची नोंद नक्की नेता येईल, किंबहुना ती आहेच. जमाबंदीच्या जुन्या गावनकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेनं दाखवलेली असते. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे मोजणीच्या भाषेत चार आणे, साखळीचा पाव हिस्सा. (तेहतीस फुटांची आपली साखळी ही इंग्रजांच्या सहासष्ट फुटी साखळीची निम्मी. गुंठा त्यातूनच आला. वारसा असाही असतो.) रस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. 2025 मध्ये महसूल खात्यानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ सदरात घ्यायलाही सांगितलं. आमच्या चुलत्यांचा पाणंदीचा दावा मात्र तारखांवर तारखा खातोय. समोरच्यानं नांगर फिरवलाय आणि तिथे आता ऊस उभा आहे. चौदा दिवसांची मुदत ऐकून चुलते फोनवर नुसते हसले.

गडांचंही तेच. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. बारांपैकी आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, चार राज्याकडे. गडाखालचा उतार बऱ्याच ठिकाणी वन खात्याचा, पायथ्याची शेतं खासगी. मग चढायची वाट कुणाच्या दफ्तरात? कुणाच्याच नसेल तर पाऊस आल्यावर बंदीचा कागद काढणं सगळ्यांत सोपं.

इथे वादळात बेन नेव्हिस, म्हणजे ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर, कुणी बंद करत नाही. हवामान खातं डोंगरासाठी वेगळा अंदाज देतं, पुढचा निर्णय चालणाऱ्याचा, आणि अडकलात तर स्वयंसेवकांचं बचाव पथक फुकट येतं. अशी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची मुलं रात्री-अपरात्री दरीत उतरतातच. भुशीच्या धबधब्याला मात्र हा न्याय लावता येत नाही. तिथे वरच्या पावसानं पाणी मिनिटांत चढतं आणि खाली लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब असतं. तिथे कठडा, भोंगा आणि माणूस उभा हवा, प्रसंगी बंदीही हवी. पण त्या एका जागेसाठी काढलेल्या आदेशात तालुक्यातले सगळे गड कोंबायचं कारण नाही.

तेव्हा गटावरच्या मंडळींना माझं एवढंच म्हणणं आहे की पुढच्या आदेशावर भांडण्याआधी आपल्या आवडत्या गडाच्या पायथ्याच्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. तुम्ही चढता ती वाट त्यावर तुटक रेषेनं आहे का, ते बघा. असेल तर तिच्यावर बोट ठेवून वन खात्याला विचारता येईल, की ही वाट राखायची जबाबदारी कुणाची. नसेल तर ग्रामसभेपासून सुरुवात करावी लागेल.