जुलाबात साखर वर्ज्य नाही : खुलासा
बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर ‘जुलाबात साखर वर्ज्य, नुसते मिठाचे पाणी द्यावे’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. लहान आतड्याच्या पेशीपटलातील एक वाहक प्रथिन सोडियमचे (मिठातील घटक) दोन आयन आणि ग्लुकोजचा (साखरेतील घटक) एक रेणू जोडीनेच आत घेते व त्यांच्यामागून परासरणाने (पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी झिरपण्याने) पाणी शोषले जाते. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलेली ही जोडवाहतूक पटकीतही (कॉलरा) शाबूत राहते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये (जुलाबात द्यायचे मीठ-साखरेचे द्रावण) सोडियम व ग्लुकोज हे दोन्ही घटक लिटरमागे ७५-७५ मिलिमोल, म्हणजे रेणू-आयनांच्या संख्येने सारखेच, असतात. अतिरिक्त साखर मात्र उलट पाणी आतड्यात ओढते, तेव्हा संदेशामागची भीती अगदीच निराधार नाही. ओआरएसचे पाकीट नसल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व तसाच अर्धा चहाचा चमचा मीठ घ्यावे. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये.