पोहून गेले ते स्वामीजी

आमच्या दाजींनी लहानपणी रंकाळ्यात उड्या मारल्यात. हे त्यांनी मला ताईच्या लग्नात सांगितलं, भाचीच्या बारशात सांगितलं आणि कोल्हापूर ते कन्याकुमारी या प्रवासात निदान सहा वेळा सांगितलं. "समुद्र म्हंजे काय ओ पावणं, खारट रंकाळाच की!"

विवेकानंदांचं स्मारक किनाऱ्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. पण होडीच्या रांगेत आम्ही अडीच तास होतो. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभं राहून आमचे पाय तयार झालेत, तो भाग सोडा. तिथं रांगेच्या टोकाला देवी असते. इथं होडी होती, आणि ती धक्क्याला बांधलेली असूनही हलत होती.

दाजींचा आवाज पहिल्यांदा तिथं खाली आला. नारिंगी लाईफ जॅकेट आधीच्या पावण्यांच्या घामानं ओलंच होतं. "आम्हाला काय करायचंय हे," म्हणत त्यांनी ते घातलं आणि नाडीला अशी गाठ मारली, की पलीकडं उतरल्यावर ती सोडायला दोन खलाशी लागले.

ताई शाळेत इतिहास शिकवते. तिनं भर लाटेत सुरू केलं, "1892च्या ऑक्टोबरात स्वामीजी आपल्या कोल्हापुरात होते, बरं का. डिसेंबरात इथं. होडीला पैसे नव्हते, म्हणून पोहत गेले म्हणतात."

दाजींनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "ते संन्याशी. त्यांच्या मागं कोण हुतं?"

वर चपला काढायच्या होत्या. दाजींची कापशी स्टँडवर गेली आणि भर दुपारच्या दगडावर ते अनवाणी आले. कन्याकुमारी देवीनं या खडकावर एका पायावर तप केलं म्हणतात. श्रीपाद मंडपात तिच्या पावलाची खूण दाखवतात. दाजीही एका पायावरच होते, फक्त पाय सारखा बदलत होते. हे स्मारक 1970 साली उभं करण्यामागं एकनाथ रानडे होते, हे कळल्यावर मात्र ते क्षणभर दोन्ही पायांवर उभे राहिले. "म्हंजे आपलाच माणूस!"

शेजारच्या खडकावर तमिळ संतकवी तिरुवल्लुवरांचा पुतळा. त्यांच्या कुरळ ग्रंथाचे अध्याय 133, म्हणून उंची 133 फूट. आता तिकडं जायला काचेचा पूल झालाय, 77 मीटरचा. पायाखाली लाटा दिसतात. दाजींनी तो एका तमिळ आजीचा हात धरून ओलांडला. आजी तमिळमध्ये धीर देत होत्या, दाजी कोल्हापुरीत "व्हय व्हय" म्हणत होते. परत येतानाही त्यांनी आधी आजींना शोधलं.

शेवटी ध्यानमंडप. अंधार, गारवा, समोर ॐ. दाजी बसले ते बसलेच. अर्ध्या तासानं मी खांद्याला हात लावला.

"तुम्ही व्हा पुढं," ते कुजबुजले. "मला हितं लई शांत वाटाय लागलंय. स्वामीजी बी तीन दिवस बसलं हुतं की."

"न जेवता बसले होते," ताई म्हणाली.

दाजी उठले. पायऱ्या उतरताना त्यांनी हळूच माझी बाही ओढली. "पावणं, जाताना बी जॅकेट देत्यात न्हवं?"