बारा मिनिटांच्या परीक्षेवर क्वार्टरबॅकची पारख होत नाही

अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये ‘26-27-60’ हा नियम गेली अनेक वर्षे फिरतो आहे. वंडरलिक या बुद्धिमापन चाचणीत 50 पैकी किमान 26 गुण, महाविद्यालयीन संघाकडून किमान 27 सामन्यांत सुरुवातीपासून खेळल्याचा अनुभव आणि किमान 60 टक्के अचूक फेक, एवढे जमलेला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, यशस्वी होणार, असा त्याचा दावा आहे. नंतरच्या दोन अटी निदान मैदानावरच्या खेळाच्या आहेत. माझा आक्षेप पहिल्या अटीला आहे, कारण तिला भक्कम आधार नाही आणि तिच्यापायी अनेक तरुण खेळाडूंची नाहक बदनामी झाली आहे.

नियमाच्या बाजूने क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे 28 आणि ईलाय मॅनिंगचे 39 गुण दाखवले जातात. हे गुण अधिकृतपणे जाहीर होत नसत, ते बातम्यांतून फुटत. त्याच वाटेने बाहेर आलेल्या आकड्यांनुसार 1984 च्या एका हंगामात फेकीतून 5,084 यार्ड अंतर आणि 48 टचडाउन (गोलसारखे गुण मिळवून देणाऱ्या फेकी) करणाऱ्या डॅन मरिनोला जेमतेम 15-16 गुण होते, तर 2019 आणि 2023 मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या लमार जॅक्सनला 13. उलट 48 गुणांचा रायन फिट्झपॅट्रिक नऊ संघांकडून 17 हंगाम खेळला, पण प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. टॉम ब्रेडीचे गुण 33 होते; मात्र मिशिगन विद्यापीठाकडून तो 25 सामन्यांतच सुरुवातीपासून खेळला होता, म्हणजे सात सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकणारा हा खेळाडू नियमाच्या दुसऱ्याच अटीत बाद होतो.

अर्थात निवडक उदाहरणांनी कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. म्हणून लायन्स, हॉफमन आणि मिशेल यांचा 2009 चा अभ्यास महत्त्वाचा आहे. 2002 ते 2004 च्या ड्राफ्टमधील (संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीतील) 762 खेळाडूंचे वंडरलिक गुण त्यांनी पुढील कामगिरीशी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंतील संबंध जवळपास शून्य निघाला. टाइट एंड आणि डिफेन्सिव्ह बॅक या जागांवर तर तो उलटा होता.

इतर नोकऱ्यांत बुद्धिमापन चाचण्या कामगिरीचा अंदाज देतात, मग इथेच का नाही, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. कमी गुणांचे खेळाडू आधीच गळून गेल्यामुळे संबंध दिसत नाही, हे त्याचे नेहमीचे उत्तर मात्र पटत नाही, कारण एनएफएलच्या उमेदवारांत 4 पासून 50 पर्यंत गुण मिळवणारे आढळले आहेत. खरे कारण कामाच्या स्वरूपात आहे. वंडरलिकमध्ये 12 मिनिटांत 50 प्रश्न असतात: संख्यामालिका, शब्दार्थ, व्यवहारी गणिते. क्वार्टरबॅकला स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, समोरच्या बचावातला सेफ्टी किती पुढे सरकला, लाइनबॅकर खरोखर धावून येणार की नुसता भास निर्माण करतो आहे, हे ओळखून स्वतःच्या संरक्षणाची रचना बदलावी लागते, आणि चेंडू हातात आल्यावर सुमारे अडीच-तीन सेकंदांत, अंगावर येणाऱ्या माणसांकडे लक्ष न देता, फेकायचे कुठे ते ठरवावे लागते. हीसुद्धा बुद्धीच आहे, परंतु ती वर्षानुवर्षांच्या सरावातून घडलेली असते आणि कागदावरच्या संख्यामालिकेत तिचा मागमूस लागत नाही. ती जोखायची असेल तर खेळाडूसमोर त्याच्याच सामन्याचे चित्रीकरण लावून, प्रत्येक निर्णय त्याने का घेतला हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे, आणि प्रशिक्षक तसे करतातही.

2022 मध्ये एनएफएलने कम्बाइन या ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिरातून वंडरलिक काढून टाकली. त्यावर, एस-टू ही नवी संगणकीय चाचणी खेळासाठीच बनवलेली असल्याने ती तरी अचूक आहे, असे सांगितले जाऊ लागले. 2023 च्या ड्राफ्टच्या तोंडावर तिचे गुण फुटले: क्वार्टरबॅक ब्राइस यंगला 98 टक्के आणि सी. जे. स्ट्राउडला 18 टक्के. यंग पहिला निवडला गेला आणि त्या हंगामात त्याच्या कॅरोलायना संघाने 17 पैकी दोनच सामने जिंकले. दुसरा निवडला गेलेला स्ट्राउड 4,108 यार्ड, 23 टचडाउन आणि केवळ पाच इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी) अशी कामगिरी करून आक्रमणातील सर्वोत्तम नवोदित ठरला. एका हंगामावरून चाचणी खोटी ठरत नाही हे मला मान्य आहे, पण फुटलेल्या एका आकड्यावरून 21 वर्षांच्या मुलाची आकलनशक्ती तोकडी ठरवणाऱ्यांपाशी तेवढाही पुरावा नव्हता.