‘एक तारामासा आणा, कायमचा पुरेल’: हार्लेक्विन कोळंबीबद्दलचा हा सल्ला किती खरा?

खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाक्या ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. मजकूर साधारण असा: हार्लेक्विन कोळंबीची जोडी २० लिटरच्या टाकीतही मजेत राहते. एक चॉकलेट चिप तारामासा आणा आणि दर आठवड्याला त्याचा एक हात कापून घाला. हात परत उगवतो, म्हणजे खाद्य कायमचं फुकट. तारामासा नसेल तेव्हा गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव, माशांचं नेहमीचं खाद्य) चालतं. शिवाय टाकीत आपोआप वाढणारे अ‍ॅस्टेरिना हे इवले तारामासे साफ होतात, ते वेगळंच.

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. एकेक मुद्दा घेऊ.

‘हात परत उगवतो’

उगवतो, पण केव्हा? पूर्ण वाढलेल्या जोडीला मध्यम चॉकलेट चिपचा एक हात साधारण आठ-दहा दिवस पुरतो. पाच हात म्हणजे दीड महिना. कापलेल्या जागी नुसता कोंब दिसायला काही आठवडे जातात आणि पूर्ण हात व्हायला कित्येक महिने.

आता हिशोब मांडा. वर्षाला चाळीसेक हात लागणार. एका तारामाशाचा चार महिन्यांतून एकच हात घेतला (आणि हेही घाईचंच), तरी वर्षाला तीन मिळतात. म्हणजे तेरा-चौदा तारामासे पाळायचे आणि तेही वेगळ्या टाकीत, कारण चॉकलेट चिप स्पंज, शिंपले आणि प्रवाळ काहीच सोडत नाही. शिवाय त्यांचंही पोट आहे. शिंपल्याचा किंवा कोळंबीचा तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा थेट तोंडाखाली सरकवावा लागतो. उपाशी तारामासा हात उगवत बसत नाही, तो खंगत जातो. हे ‘फुकट’ कसं, ते सल्ला देणाऱ्यांनीच सांगावं.

एकाच तारामाशावर दर आठवड्याला कात्री चालवली की जखमेच्या कडा पांढऱ्या पडून विरघळू लागतात, मधली चकती मऊ पडते आणि तो मरतो. लिंकिया जातीच्या तारामाशाचा तुटका हातसुद्धा नवा तारामासा घडवू शकतो. चॉकलेट चिपचं तसं नाही, त्याची चकती गेली की सगळं संपलं.

त्यापेक्षा व्यवहार्य मार्ग फ्रीझरचा आहे. तारामाशाचे हात सुटे करा आणि एकेक हात वेगळ्या पिशवीत घालून गोठवा. द्यायच्या वेळी टाकीचं थोडं पाणी पेल्यात घेऊन त्यात वितळू द्या आणि ते पाणी फेकून द्या. संध्याकाळी दिवे बंद झाल्यावर लांब चिमट्याने हात कोळंबीच्या कपारीशी ठेवा, नलिकापादांची (हाताखालच्या बारीक नळीसारख्या पायांची) बाजू वर करून. खाणं तिथूनच सुरू होतं. ताजा कापलेला हात पालथा ठेवला तर तो चक्क चालत निघून जातो. कोळंबीला वास लागला की पुढच्या बारीक मिशा भराभर हलू लागतात. काही जोड्या पहिल्यांदा गोठवलेला हात नाकारतात. त्यांना एकदा ताजा, एकदा गोठवलेला असं आलटून पालटून द्यावं.

‘मायसिस चालतं’

नाही चालत. या कोळंबीचा आहार तारामासे आणि त्यांचे भाईबंद एवढाच आहे. समुद्री साळिंदराच्या (काटेरी सी अर्चिनच्या) नलिकापादांवर ती क्वचित वेळ मारून नेते. म्हणून साळिंदर तिच्यासोबत ठेवायचं असेल तर विचार करा. मायसिस, गोळ्या, माशाचा कीस यांच्याकडे ती ढुंकून पाहत नाही.

मग ‘माझी तर महिनाभर मायसिसवर जगली’ असं लोक का म्हणतात? कारण उपाशी मरायला तिला कित्येक आठवडे लागतात. आधी ती भरदिवसा उघड्यावर भटकते, मग पुढची कात अर्धवट सुटते आणि त्यातच ती संपते. तोवर दोष पाण्याला देऊन झालेला असतो. (पूर्ण सुटलेली कात पाहून कोळंबी मेली असं समजणारेही आहेतच. पोकळ आणि पारदर्शक दिसली, तर ती कात.)

‘२० लिटर पुरे’

जागेपुरतं बघितलं तर हे खोटं नाही. जेमतेम पाच सेंटिमीटरची, जागा धरून बसणारी कोळंबी आहे. अडचण पाण्याची आहे. ३५ क्षारतेच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) २० लिटरमधून एक लिटर पाणी उडालं की क्षारता ३६.८ वर जाते. ४० लिटरमध्ये तेवढ्यानेच ती ३५.९ होते. त्यात कुजणारा हात पडून राहिला तर २० लिटरमध्ये अमोनिया रातोरात चढतो. म्हणून ४० लिटरच्या खाली जाऊ नये. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं आरओ पाणी घालावं, तापमान २४ ते २७ अंश ठेवावं आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावं. गोठवलेल्या हाताचं उरलंसुरलं २४ तासांत बाहेर काढावं, ताजा हात असेल तर दोन-तीन दिवस चालतो. पंपाच्या तोंडावर स्पंज हवाच. पूर्वी ज्या टाकीत तांब्याचं औषध वापरलंय ती या कामाची नाही.

जोडी म्हणजे कुठल्याही दोन कोळंब्या नव्हेत. समलिंगी दोघी भांडतात. मादी मोठी असते आणि तिच्या पोटाच्या कडेच्या पट्ट्यांवर निळे ठिपके दिसतात, नराचे सहसा कोरे असतात.

‘अ‍ॅस्टेरिना साफ होतात’

हा मुद्दा पूर्ण खरा आहे, आणि गोम इथेच आहे. छोट्या टाकीतले अ‍ॅस्टेरिना काही आठवड्यांत संपतात आणि त्याच दिवसापासून कोळंबीची उपासमार सुरू होते. केवळ सफाईसाठी हवी असेल, तर काम झाल्यावर ती कोणाच्या टाकीत जाणार आणि तिथे तारामासे आहेत का, हे आणण्याआधीच ठरवून ठेवा.