‘पट कमी म्हणून शाळा बांधत नाहीत’ हे खोटं आहे

परवा रात्री साडेदहाला वहिनीने मला एक मेसेज पाठवला. खाली तिने लिहिलं होतं, ‘ताई, हे खरंय का? सगळे म्हणतेत पोरीचा दाखला काढून घ्या.’

माझी भाची गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे. शाळा म्हणजे सध्या समाजमंदिराचा हॉल. निजामकाळातली दगडी भिंतींची, माळवदाची जुनी इमारत धोकादायक ठरली आणि पाडली. त्याला दोन पावसाळे झाले, अजून जोतंही वर आलेलं नाही. वहिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पंचायत समितीत तिचे किती हेलपाटे झाले ते मी पाहिलेत. तिलासुद्धा शंका यावी, इतका हा मेसेज आमच्याकडे फिरलाय.

त्याचं नाव ‘झेडपी शाळा का बांधल्या जात नाहीत? सत्य वाचा’. त्यात पाच मुद्दे आहेत. पट कमी झाला की कायद्यानेच नवी इमारत मिळत नाही. जुन्या दगडी इमारती भक्कम होत्या, त्या ठेकेदारांसाठी पाडल्या. निधी येतो, पण गावातल्या भांडणामुळे परत जातो. शाळा समिती पैसे खाते. आणि शेवटचा: आपले पूर्वज झाडाखाली शिकून मोठे झाले, मग इमारतीचा एवढा आग्रह कशाला?

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून लोक खरोखर दाखले काढायला निघालेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे, दोन-तीन पानांची. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी ती एकदा वाचावी. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं ती सांगते. इमारत कशी हवी तेही तिथेच आहे: सर्व ऋतूंत टिकणारी, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय मुख्याध्यापक, कार्यालय आणि सामान यांसाठी एक खोली. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पुरेसं पाणी, माध्यान्ह भोजन शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. म्हणजे खोल्यांचा हिशेब शिक्षकांवरून होतो. आमच्या शाळेचा पट आज ३८ आहे, तिला दोन वर्गखोल्या आणि एक कार्यालय मिळायलाच हवं. बारा मुलांच्या वस्तीशाळेलाही अनुसूची हेच सांगते. अमुक पटाखाली इमारत देऊ नये, असं एकही वाक्य तिच्यात नाही. उलट कलम ९ मध्ये शाळेची इमारत पुरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे आमच्याकडे जिल्हा परिषदेचं, कर्तव्य म्हणून लिहिलंय.

मग पट वीसच्या खाली गेला की इमारत नाही, असं लोक म्हणतात, तो वीसचा आकडा आला कुठून? राज्याच्या २०११ च्या नियमांत तो आहे, पण नवी शाळा काढण्यासाठी. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी आणि तिथे शिकायला तयार असलेली किमान २० मुलं हवीत, असा तो नियम. चालू शाळेचं छप्पर काढून घ्यायची परवानगी त्यातून कुणालाच मिळत नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तोरणमाळ आणि पानशेत इथल्या समूह शाळांचं उदाहरण दिलं. त्यावर राज्यभर आरडाओरडा झाला, तो योग्यच होता. पण प्रस्ताव मागवल्याने कायदा बदलत नाही, आणि ३८ हा आकडा २० पेक्षा कमी नाही, हे तर कुणालाही कळतं.

माझा खरा राग क्रम उलटा सांगण्यावर आहे. पट घसरला म्हणून इमारत रखडली, असं मेसेज म्हणतो. आमच्याकडे इमारत पाडली त्या वर्षी पट ५७ होता. पोरं समाजमंदिरात बसायला लागली, पहिल्याच पावसाळ्यात हॉलमध्ये पाणी आलं, आणि ज्यांना परवडत होतं त्यांनी ऑटो लावून मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. उरली ती शेतमजुरांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची. आधी छप्पर गेलं, मग मुलं गेली. आता हाच मेसेज वाचून आणखी दहा दाखले निघाले, तर पट खरंच काठावर येईल, आणि मेसेज लिहिणारा म्हणेल, बघा, मी सांगितलंच होतं.

आता झाडाखालची शाळा. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय, आणि म्हणणाऱ्याची स्वतःची नातवंडं फरशी घातलेल्या वर्गात बसतात. समाजमंदिरात शिकणं म्हणजे काय ते सांगते. गावात कुणाचं लग्न असलं, की आदल्या दिवशीच मांडववाले येतात आणि शाळा सुटते. कुणाचा दहावा-तेरावा असला, तरी सुटते. पाच इयत्ता एकाच हॉलमध्ये आहेत. दोन गुरुजी दोन टोकांना उभे राहतात, एकीकडे पाढे चालतात, दुसरीकडे कविता, आणि मधल्या रांगेतल्या पोरांना दोन्ही अर्धंअर्धं ऐकू येतं. फळा भिंतीला टेकवून ठेवलेला. खिचडी बाहेर तीन दगडांवर शिजते, पाऊस आला की मदतनीस बाई पातेलं उचलून आत पळतात. स्वच्छतागृह नाही. भाचीने सकाळी पाणी प्यायचं सोडलंय. दहा वर्षांची पोर दुपारी घरी येऊन दोन तांबे पाणी घटाघटा पिते, आणि वहिनीने कारण विचारलं तर मान खाली घालते. पूर्वी माणसं झाडाखाली शिकली ती दुसरं काही नव्हतं म्हणून. त्यांच्या बरोबरीच्या किती पोरी शिकल्याच नाहीत, त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

जुन्या इमारती भक्कम होत्या, हा मुद्दा वाचून तर अंगावर काटा आला. २८ ऑगस्ट २०१७ ला नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचा वर्ग पावसात कोसळला, तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेचं छत पडलं, सात मुलं गेली. आमच्या शाळेचं माळवद गळायचं, तुळया वाळवीने पोखरलेल्या होत्या, दोन भिंती फुगल्या होत्या. ती पाडली ते बरोबरच केलं. पाडल्यानंतर जे झालं नाही, त्याबद्दल तक्रार आहे.

निधी आणि भांडण. इथे मला अर्धं मान्य करावं लागतंय, मन नसतानाही. आमच्या गावात जागेवरून वाद झाला. नवी शाळा जुन्याच जागी गावठाणात हवी की रस्त्याकडेच्या गायरानावर, यावरून ग्रामसभेत दोन गट पडले आणि चार महिने गेले. ते चार महिने आमचे, त्याची लाज वाटते. पण बाकीचा काळ कुणाचा? जुनी इमारत पाडायची तर आधी निर्लेखन, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढायची मंजुरी, लागतं: समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, बांधकाम विभागाची पाहणी, मग जिल्हा परिषदेची मंजुरी. त्यापुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यातलं एक टेबल अडलं की पुढचं सगळं थांबतं. जिल्हा नियोजन समितीकडून आलेला निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात. गावातल्या चार महिन्यांच्या भांडणाने दोन वर्षांचा निधी बुडत नाही. त्यात मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं तिथे प्रशासक बसले. सर्वसाधारण सभेत उठून ‘आमच्या गावच्या शाळेचं काय झालं’ असं विचारणारा सदस्यच नव्हता. मेसेजने हे का वगळलं, ते ज्याने लिहिला त्यालाच ठाऊक.

समिती पैसे खाते म्हणे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात गावच्या समित्यांकडून वर्गखोल्या बांधून घेतल्या जायच्या, आणि काही ठिकाणी घोळ झालाही असेल. आमचं काम बांधकाम विभागाच्या निविदेतून व्हायचंय, त्यातला एक रुपयाही समितीच्या खात्यावर येत नाही. कायद्याने या समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असतात. वहिनी तिथे रोजगार बुडवून जाते. तिच्यावर हा आळ घेणाऱ्याने पुढच्या बैठकीला यावं आणि हिशेबाची वही तिच्या समोर बसून बघावी.

वहिनीला मी रात्रीच उत्तर लिहिलं. दाखला काढू नकोस. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे समितीच्या वतीने लेखी तक्रार दे, शक्यतो तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीत तीनच प्रश्न विचार: निर्लेखनाचा आदेश कोणत्या तारखेचा, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक काय, कार्यारंभ आदेश निघाला की नाही, आणि नसेल तर कागद कोणत्या टेबलावर आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय उठू नकोस. आणि अनुसूचीची पानं छापून सोबत ने, ज्या ग्रुपवर तो मेसेज आला तिथेही टाक.

सकाळी तिचं उत्तर आलं, ‘सोमवारी बाजार हाय. मंगळवारी जाते. अनुसूची मराठीत पाठव.’